तिसऱ्या पंचाची जागा

काकडीला सुट्टी कळत नाही. आज अंगात कणकण आहे, उद्या तोडू, असं म्हणायची सोयच नाही. सकाळी करंगळीएवढी असलेली काकडी संध्याकाळी अंगठ्याएवढी होते आणि दुसऱ्या दिवशी मनगटाएवढी. मनगटाएवढ्या काकडीकडे खरेदीच्या शेडवर कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून तीन वर्षं आम्ही तिघं उजाडलं की ओळीत शिरायचो. मी, आमचे हे आणि मामंजी. वेलाला बारीक काटेरी लव असते. ती हाताला अशी चावते की पहिल्या वर्षी मी चक्क रडले होते. आता कातडीच तशी झालीय. बोटं काळी पडतात, तो काळेपणा मात्र कशानंच निघत नाही, घासा किती घासायचं ते.

ही काकडी आमच्याकडे कुणी खात नाही. एवढी कोवळी तोडायची म्हणजे जीव यायच्या आधीच तोडायची, तिला चव कुठून येणार? ती शेडवर जाते, तिथं मिठाच्या पाण्याच्या पिंपात बसते आणि मग समुद्रापलीकडे. तिकडची माणसं बरणीतून काढून पावात घालून खातात म्हणे. खाऊ देत बापडी. मला तिच्याशी एवढंच देणंघेणं होतं की या काकडीमुळे माझा नवरा घरी होता. त्याआधी दोन वर्षं हे रस्त्याच्या कामावर होते, डांबराच्या धुरात. परत आले तेव्हा छातीतून असा आवाज यायचा की शेजारी झोपलेल्या माणसाला धडकी भरावी. काकडी लागली आणि यांचं जाणं थांबलं. मी रोज वेलांना मनातल्या मनात म्हणायचे, बायांनो, टिकून राहा.

त्या दिवशी आम्ही सात क्रेट घेऊन शेडवर गेलो तर फाटक बंद. बाहेर क्रेटांची रांग, आणि रांगेतल्या माणसांची तोंडं उतरलेली. शेडवर माप घेणारा एक माणूस होता. त्याच्याकडे भोकं पाडलेली लोखंडी पट्टी असायची. काकडी ज्या भोकातून जाईल तो तिचा नंबर. सगळे त्याला मापवालाच म्हणायचे. एरवी तोंड उघडायचा तो फक्त "मोठी, परत" एवढं म्हणायला. आज तो फाटकाच्या आत उभा राहून समजावून सांगत होता, म्हणजे काहीतरी वाईटच असणार.

"तिकडच्या सरकारनं जकात लावलीय. मालाच्या किमतीएवढीच जकात. कोण घेणार मग?"

"का पण? आपण काय वाकडं केलं त्यांचं?" मी विचारलं.

"आपण नाही. आपल्या सरकारनं त्यांच्या यंत्रांवर लावली, म्हणून त्यांनी आपल्याकडच्या दहा वस्तूंवर लावली. त्यात काकडी आली."

"यंत्राचा आणि काकडीचा काय संबंध?"

"काही नाही. कुणाला तरी दुखलं पाहिजे म्हणून यादी करतात."

माझ्या शेजारी रोपवाली मावशी उभी होती. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला तिचा अर्धा एकर. नवरा गेल्यापासून भाजीची रोपं करून विकते, आणि दुपारी माझ्यासोबत शेडवर मापाच्या टेबलाला उभी राहते. आम्ही दोघी एकाच डब्यात जेवायचो. ती म्हणाली, "अरे, पण या सरकारांच्या वरती कुणी आहे की नाही? का मोकाट सुटलीत?"

"आहे ना. सगळ्या देशांनी मिळून एक कचेरी काढलीय. यादी निघाली तेव्हाच तिथं आपण दावा लावला. जिंकलोसुद्धा."

"जिंकलो?" मी म्हणाले. "मग फाटक का बंद?"

"हरलेल्यानं वर अपील केलं. आणि अपील ऐकायला वरती पंचच नाहीत. जुन्यांची मुदत संपली. नव्यांना बसवायचं तर सगळ्यांचा होकार लागतो, आणि एक बडा देश काही केल्या हो म्हणत नाही. जागा रिकाम्या. तोवर अपील पडून आणि निकालही पडून."

मावशीनं तोंडावर हात ठेवला. "म्हणजे हरलेल्यानं रिकाम्या खोलीत कागद टाकायचा आणि घरी जाऊन झोपायचं!"

"तसंच," मापवाला म्हणाला. मग तो आमच्या क्रेटकडे बघेना. सवयीनं त्याच्या हातात पट्टी होती, ती तो नुसती फिरवत राहिला.

घरी आलो. मामंजी पायरीवर बसून बांधणीच्या दोऱ्या सोडवत होते. यांनी सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हातारा माणूस, हबकून जाईल. पण पंच हा शब्द ऐकल्यावर मामंजींची पाठ ताठ झाली.

आमचे मामंजी पाणीपंच होते. होते म्हणजे अजूनही आहेत, नावाला. आमच्या गावाला कालव्यातून फुटलेल्या एका चारीचं पाणी. वरच्या शेतांनी आधी घ्यायचं, मग मधल्यांनी, मग खालच्यांनी, ठरल्या तासांप्रमाणे. तंटा झाला तर तीन पंच बसत, वरचा एक, मधला एक, खालचा एक. चारीवरच्या चौकीत पत्र्याखाली तीन लोखंडी खुर्च्या. मधली मामंजींची. वीस वर्षं बसले ते त्या खुर्चीत. लोक अजून त्यांना पंचकाका म्हणतात.

"घाबरायचं कारण नाही," मामंजी म्हणाले. "उभ्या पिकाचा तंटा आहे. उभ्या पिकाचा तंटा असला तर पंचांना तीन दिवसांत बसावं लागतं. पीक जळाल्यावर निकाल देऊन काय उपयोग? पुस्तकात आहे."

"आबा, ते आपल्या पाणीवाटपाच्या नियमांचं पुस्तक. त्यांचं वेगळं असेल," हे म्हणाले.

"पुस्तक वेगळं असेल. पीक तर सगळीकडे तसंच जळतं ना? ज्यानं तो नियम केला असेल त्यानं आधी पीक बघितलं असेल. फक्त एक आहे. फिर्यादीनं पीक उभं ठेवलं पाहिजे. निगा राखली पाहिजे. पंच बघायला आले आणि शेत मोडलेलं दिसलं तर दावा गेला."

हे मान खाली घालून बसले. यांना वेल उपटून मका पेरायचा होता. मक्याला अजून पंधरा-वीस दिवसांची सवड होती. ती गेली की मकाही गेला आणि वर्षच गेलं.

"पंधरा दिवस," हे शेवटी म्हणाले. "पंधराव्या दिवशी मी उपटणार. आणि मका साधला नाही तर मी रस्त्याच्या कामावर जाणार. आधीच सांगून ठेवतो."

माझी नजर यांच्या छातीकडे गेली. पण मामंजी म्हणाले, "पंधरा दिवस कशाला लागतायत?" आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. एवढ्या खात्रीनं कुणी बोललं की माणसाला बरं वाटतंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं आणि पत्र सांगितलं. "अपिलाचे पंच यांस. आमचं पीक उभं आहे. दीड एकर काकडी. रोज तोडणी चालू आहे, वेल हिरवे आहेत. तरी तीन दिवसांत बसावे. बघायला आल्यास राहण्याची सोय आमच्या घरी होईल." खाली सही केली आणि सहीपुढे पाणीपंच असं लिहिलं. ते पत्र घेऊन मी आणि मामंजी शेडवर गेलो. मापवाल्यानं वाचलं. त्याच्या तोंडावर हसू आलं होतं, ते त्यानं गिळलं. "पाठवतो वरती," म्हणाला आणि घडी करून खिशात ठेवलं. मामंजी त्याला म्हणाले, "पोच मिळाली तर कळव." तो हो म्हणाला. परतताना मामंजी झपाझप चालत होते. मला मात्र मान वर करून बघवेना.

आता काकडीचं असं आहे की ती तोडली नाही तर वेल समजतो, आपलं काम झालं. एक फळ पिकून पिवळं झालं की तो पुढची फुलंच धरत नाही, पानं वाळवायला लागतो. म्हणजे वेल जिवंत ठेवायचा तर रोज तोडलं पाहिजे, घेणारं कुणी असो वा नसो. मग आम्ही तोडायला लागलो. उजाडल्यापासून वाकायचं, पानं वर करायची, देठाला नख लावायचं, क्रेट भरायचा आणि तो क्रेट शेताच्या कडेला खड्ड्यात पालथा करायचा. सात-सात क्रेट. पहिल्या दिवशी मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी रडू आलं. पाचव्या दिवसापासून काहीच येईना, नुसतं वाकायचं आणि तोडायचं. खड्ड्याचा आंबूस वास घरापर्यंत यायचा. शेळीला घातली तर तिनं दोन दिवस खाल्ली, तिसऱ्या दिवशी तिचं पोट बिघडलं आणि त्यानंतर ती क्रेट बघूनच पाठ फिरवायची. "हिला जास्त अक्कल आहे," हे म्हणाले.

आठवडी बाजारातही नेऊन बघितल्या. मी सकाळपासून बसले. लोक उचलून बघायचे, हसायचे. एका बाईनं तोंडात घातली आणि माझ्यासमोर थुंकली. "काय गं, औषध विकतेस का?" आजूबाजूच्या साऱ्याजणी हसल्या. मीही हसले. काय करणार? दोन पोती तशीच डोक्यावरून परत आणली आणि खड्ड्यात ओतली.

तीन दिवस झाले, सहा झाले, दहा झाले. मामंजी रोज शेडवर जाऊन पोच आली का विचारायचे. मापवाला "अजून नाही" म्हणायचा. बिचाऱ्याचं तेवढंच काम उरलं होतं.

आणि मग पाणी कमी यायला लागलं.

खरं तर ते आधीपासूनच कमी होत होतं. चारीवर आमच्या वरती मामंजींच्या चुलत भावाचं शेत, आम्ही त्यांना वरचे काका म्हणतो. पाण्याची पाळी दर चौथ्या दिवशी, आमचे सहा तास. पण वरचे काका चारीवरचं आपलं दार वेळेवर पाडायचेच नाहीत, म्हणजे फळी टाकून आपलं पाणी बंद करायचेच नाहीत. कधी अर्धा तास, कधी तास. उन्हाचा चटका वाढला तसे दोन तास, तीन तास. आमच्याकडे येईपर्यंत पाण्याचा नुसता ओघळ. अकराव्या दिवशी वेलांच्या शेंड्यांनी माना टाकल्या.

आमचे हे जेवताना म्हणाले, "वरच्या काकांना विचारायला पाहिजे."

"कोण विचारणार?" मामंजी म्हणाले. "पंच असते तर विचारलं असतं. आता कोण आहे?"

आणि मला राहवलं नाही. खरंच राहवलं नाही. अकरा दिवस माझी कंबर मोडली होती, हात सुजले होते. मी म्हणाले, "मामंजी, पंच का नाहीत?"

हे माझ्याकडे बघून डोळ्यांनी गप्प बस म्हणत होते. मी नाही बसले.

घरात ही गोष्ट कुणी काढत नसे. सहा वर्षांपूर्वी पंचांनी एक निकाल दिला होता, आमच्याच विरुद्ध. आमच्या दाराचं तोंड चार बोटं कमी करा. तिघांत दोन विरुद्ध एक. मामंजी म्हणाले, पुस्तकात दाराच्या रुंदीबद्दल अक्षर नाही, पंचांनी पुस्तकाबाहेर जाऊन निकाल दिला. आणि खरं सांगते, त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मी स्वतः वाचलंय ते पुस्तक. पण मग वरचा पंच वारला. त्याच्या जागी नाव आलं वरच्या काकांचं. नव्या पंचासाठी चारीवरच्या प्रत्येक घराला हात वर करावा लागतो, एकानंही नाही केला तर नाव पडतं. मामंजींनी हात वर केला नाही. "आधी तो निकाल दुरुस्त करा, मग बघू." दुसरं नाव आलं, तिसरं आलं. मामंजींचा हात मांडीवरच. दोन वर्षांनी खालच्या पंचाची मुदत संपली, ती जागाही भरता आली नाही. राहिले एकटे मामंजी. आणि एकट्यानं बसता येत नाही, हेही पुस्तकात आहे.

"तिकडच्या त्या बड्या देशाला तुम्ही रोज शिव्या घालता," मी म्हणाले. "त्यानं दुसरं काय केलंय, मामंजी?"

घास त्यांच्या हातातच राहिला. हे ओरडले माझ्यावर, तोंड सांभाळ म्हणाले. मामंजींनी घास ताटात ठेवला, हात धुतले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. मला एवढी लाज वाटली की काय सांगू. ज्या माणसानं मला लग्नानंतर एकदाही आवाज चढवून हाक मारली नाही, त्याला मी भरल्या ताटावर असं बोलले.

सकाळी मामंजी तोडणीला आले नाहीत. धुतलेला सदरा घालून उभे होते. मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. मला एकट्याला बोलता येणार नाही."

वरचे काका अंगणात पंप उघडून बसले होते. हात ग्रीसनं माखलेले. त्यांनी आम्हाला बघितलं आणि पुन्हा पंपात डोकं घातलं. बसा म्हणाले नाहीत. मामंजी उन्हात उभे राहिले. काकांच्या बायकोनं पाणी आणून दिलं, ते मी घेतलं, मामंजींनी नाही घेतलं.

"तुझ्या नावाला माझा होकार आहे," मामंजी म्हणाले.

"कशाच्या?"

"पंचाच्या. मी हात वर करतो. खालचाही कुणी निवडू. तिघं बसू."

काकांनी एक बोल्ट फडक्यानं पुसला, बाजूला ठेवला, दुसरा पुसला. 

"दादा, सहा वर्षांपूर्वी मी नवा सदरा शिवला होता," ते म्हणाले. "चौकीत बसायचं म्हणून. सगळं गाव जमलं होतं. तुम्ही हात मांडीवर ठेवलात आणि लोक हसले. आठवतं?"

"आठवतं."

"तेव्हा वाटलं होतं, हा जन्मात विसरणार नाही. पण विसरलो. शपथेवर सांगतो, राग नाही आता." त्यांनी वर बघितलं. "पण आता मी कशाला बसू? आता माझ्या दाराला कुणी विचारत नाही. उद्या पंच बसले की पहिला दावा माझ्यावरच येणार. आणि तो तुमचाच असणार."

"माझं चुकलं," मामंजी म्हणाले.

मी आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द त्यांच्या तोंडून ऐकले. काकांनीही पहिल्यांदाच ऐकले असतील, कारण त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पाना उचलला. "चहा घेऊन जा, दादा," म्हणाले, आणि बोल्ट आवळायला लागले.

आम्ही चहा घेतला नाही. उतारावर मामंजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी. तो हात फार हलका होता.

त्या दिवसापासून आम्ही विहिरीचं पाणी वाहायला लागलो. विहिरीला तळाशी हातभर पाणी. बादलीनं शेंदायचं, डब्यात भरायचं, दोन हातांत दोन डबे घेऊन ओळीत न्यायचं आणि प्रत्येक बुडाशी तांब्याभर ओतायचं. दीड एकर. मामंजीही वाहायचे. नको म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. दुपारपर्यंत त्यांच्या हातातला डबा हिंदकळून अर्धं पाणी त्यांच्याच पायांवर सांडायचं. पंधरावा दिवस आला. हे खुरपं घेऊन बांधावर गेले. मामंजी म्हणाले, "चार दिवस अजून दे." कसे म्हणाले ते मी सांगणार नाही. यांनी खुरपं बाजूला टाकलं.

आणि मी काय केलं ते आता सांगते.

आमची पाळी संपली की आमचं दार पाडायचं आणि पाणी खाली सोडायचं, रोपवाली मावशीला. आमच्या उरलेल्या ओघळातून तिला जे काही मिळायचं ते. सोळाव्या दिवशी दुपारी मी दारापाशी उभी होते. आमचे तास संपले होते. अजून अर्ध्या ओळी कोरड्या होत्या. मी वेलांकडे बघितलं, आणि मला आमचे हे डांबराच्या धुरातून आलेले दिसले, छातीतून आवाज येत असलेले. मी दार पाडलं नाही. उलट खालच्या तोंडात एक पोतं कोंबलं आणि वर चिखल लावला, थेंबही जाऊ नये म्हणून. मला कोण विचारणार होतं? विचारणारं कुणी नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. विसाव्या दिवशीच्या पाळीलाही मी तेच केलं. घरात कुणाला सांगितलं नाही. मामंजी म्हणाले, "आज पाणी बरं आलं, वरच्याला लाज वाटली वाटतं." मी हो म्हणाले.

वेल तरारले. खरंच सांगते, एवढे हिरवे ते कधी दिसले नव्हते. मागितलेले चार दिवस सरले तरी यांनी खुरपं उचललं नाही. मामंजींनी बांधावरून बघितलं आणि म्हणाले, "आता कुणीही बघायला येऊ दे."

एकविसाव्या दिवशी शेडचं फाटक उघडलं. आम्ही धावत गेलो, सगळं गाव धावत आलं. आत ट्रक उभे होते. माणसं पिंपं चढवत होती, मापाची टेबलं मोडून फळ्या बांधत होती.

मापवाला म्हणाला, "तडजोड झाली. दोन्ही सरकारं आपसात बसली. त्यांनी यंत्रांचं मिटवून घेतलं, आपण कापडाचं सोडवून घेतलं. दावा मागे."

"आणि काकडी?" मामंजींनी विचारलं.

"काकडीचं कुणी काही बोललंच नाही. ती जकात तशीच राहिली. शेडचे मालक आता दुसऱ्या देशात शेड टाकतायत, तिथल्या मालावर जकात नाही."

"पण आमचं पीक उभं आहे," मामंजी म्हणाले. एकदा म्हणाले, मग पुन्हा म्हणाले. मापवाल्यानं त्यांना हाताला धरून सावलीत नेलं.

त्याच दुपारपासून यांनी वेल उपटायला सुरुवात केली. हिरवेगार वेल, फुलांनी भरलेले. मुळासकट येत नव्हते इतके धरून बसले होते. मीही उपटले. मामंजी बांधावर बसून होते. मक्याची सवड दोन दिवसांपूर्वीच संपली होती. तरी हे म्हणाले, पेरून बघू का, आणि स्वतःच म्हणाले, नको. मग घरात जाऊन यांनी रस्त्याच्या कामावरचे ते जुने जाड तळाचे बूट काढले आणि तेल लावून उन्हात ठेवले. मी ते बूट बघितले आणि मागच्या दारी जाऊन पोटभर रडले.

हे तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. जाताना म्हणाले, "आबांना सांभाळ. आणि असं बोलत जाऊ नको त्यांना." मी मान हलवली. रस्त्याच्या वळणापर्यंत गेले, मागे बघितलं नाही. हे कधीच बघत नाहीत, बघितलं तर जाववणार नाही म्हणतात.

मी परत आले तर दारात रोपवाली मावशी. हातात एक ताट, आणि ताटात रोपं. काळी, मलूल, बोटानं चुरडावीत अशी. ती माझ्याकडे बघत नव्हती. सरळ मामंजींपुढे गेली आणि ताट त्यांच्यासमोर पायरीवर ठेवलं.

"पंचकाका, दावा आहे," ती म्हणाली. "दोन पाळ्या मला थेंब आला नाही. आठ दिवस. माझी बारा वाफे रोपं जळाली. मी चारी बघत वर आले, तुमच्या दारापाशी खालच्या तोंडात पोतं आहे."

मामंजी म्हणाले, "वरच्यानं असेल."

"वरच्यानं नाही. पोतं शेडचं आहे, वर तुमच्या खात्याचा नंबर आहे. तुमच्या घरचं."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलता आलं असतं. हे गेले होते, त्यांच्यावर ढकलता आलं असतं. मी म्हणाले, "मी लावलं, मामंजी."

मावशीनं आता माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला सांगायचंस गं. मी अर्धी पाळी दिली असती." मग ती पुन्हा मामंजींकडे वळली. "तुम्ही पंच आहात. निकाल द्या. तुमच्याच घरातलं माणूस आहे म्हणून सोडू नका."

"नाही सोडणार," मामंजी म्हणाले. "पण मला एकट्याला बसता येत नाही. तिघं लागतात."

"मग बाकीचे दोघं बोलवा."

"ते नाहीत."

"मग मी कुणाकडे जाऊ?"

वीस वर्षं लोकांना कुठं जायचं ते सांगणारा माणूस, त्याला सांगता येईना. शेवटी म्हणाले, "पुढच्या दोन पाळ्या आमच्या तू घे. पूर्ण. निकाल म्हणून नाही, मी देतो म्हणून घे."

मावशीनं ताटातलं एक रोप उचललं. त्याचं पान गळून पडलं. "आता पाणी कशाला घालू, पंचकाका?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं विचारलं.

मामंजी पायरीवरून उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. मी हात दिला. त्यांनी तो घेतला नाही. मावशीनंच खाली वाकून त्यांना उठवलं, उभं केलं, त्यांचा तोल सावरेपर्यंत धरून ठेवलं. मग ती चपला घालून खालच्या वाटेनं निघून गेली. ताट तिथंच राहिलं. दुपारी मी ते धुऊन तिच्याकडे परत द्यायला गेले. घराला कडी होती. रोपंही गेली, शेडही गेली, इथं राहून खायचं काय म्हणून ती गाव सोडून बहिणीकडे गेली असं शेजारणीनं सांगितलं.